फाईल अडकवली, आणि वर 'साहेबां'च्या नावाने दीड लाख

पत्र (थोडक्यात)

नमस्कार वकीलसाहेब,

वडिलांच्या माघारी जमिनीत माझा हिस्सा मिळावा म्हणून भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. वकील नात्यातल्याच माणसाने सुचवलेले, मी त्यांना काका म्हणते. सहा वर्षं झाली. फोन केला की 'तारीख पडली, तुला यायची गरज नाही' एवढंच ऐकत आले. मागच्या आठवड्यात भाच्याने मोबाईलवर केस पाहिली, तर दावा दोन महिन्यांपूर्वीच गैरहजेरीत काढून टाकलेला. काकांना विचारलं तर म्हणाले, 'घाबरू नकोस, परत उभा करता येतो. पण साहेबांना सांभाळावं लागेल, दीड लाखाची सोय कर.' दुसरा वकील बघते म्हणून फाईल मागितली तर म्हणाले, 'आधी राहिलेली फी दे, मग फाईल ने.' भाचा म्हणतो, बार कौन्सिलला तक्रार कर आणि हायकोर्टाला जज्जविरुद्धही लिही. आमचे हे म्हणतात, वकिलाशी वैर घेतलंस तर तालुक्यात कुणी तुझं वकीलपत्र घेणार नाही. माझा दावा गेला का? तक्रार करू की नको? पैसे अजून दिलेले नाहीत.

एक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर

ताई,

पैसे दिले नाहीत हे उत्तम केलंत. आता देऊही नका. 'निदान पंचवीस हजार तरी पुढं सरकवू' असं घरातल्या कुणी सुचवलं तरीही नाही.

गैरहजेरीत निघालेला दावा पुन्हा बोर्डावर आणायला कुठल्याही साहेबाला सांभाळावं लागत नाही. त्याला एक अर्ज लागतो, थोडी कोर्ट फी लागते आणि गैरहजेरीचं पटण्यासारखं कारण लागतं. समोरच्यांना नोटीस निघते, त्यांचं म्हणणं येतं आणि न्यायाधीश आदेश करतात. असे अर्ज दिवाणी कोर्टात नेहमीचे आहेत आणि समोरच्याला थोडाफार खर्च देण्याच्या अटीवर ते बऱ्याचदा मंजूर होतात. दीड लाखाचा हिशेब त्यात कुठेच बसत नाही.

मग हे पैसे कुणासाठी मागितले? ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण ही पद्धत जुनी आहे. न्यायाधीशाच्या नावाने पैसे मागणाऱ्याने त्या न्यायाधीशाशी एक शब्द तरी काढलेला असतो असं मुळीच नाही. पक्षकार चेंबरमध्ये जाऊन विचारणार नाही, एवढ्या भरवशावर ही मागणी चालते. अर्ज मंजूर झाला तर 'बघ, काम करून दिलं', नामंजूर झाला तर 'साहेब ऐनवेळी फिरले'. काहीही झालं तरी पैसे मागणाऱ्याकडेच राहतात, आणि ज्यांना यातलं काहीही ठाऊक नाही त्या न्यायाधीशाचं नाव पारावर खराब होतं. वकिलीतला हा सगळ्यात वाईट गुन्हा आहे असं मी मानतो. कारण यात एका पक्षकाराची फसवणूक होतेच, वर कोर्टात न्याय विकत मिळतो ही समजूत एकेका घरात कायमची बसते.

कायदाही यात स्पष्ट आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातलं कलम ७अ अशाच माणसासाठी आहे. लोकसेवकावर गैरमार्गाने किंवा ओळखीने वजन टाकून काम करून देतो असं म्हणून जो पैसे घेतो किंवा घ्यायचा प्रयत्न करतो, तो स्वतः सरकारी नोकर नसला तरी गुन्हेगार ठरतो. शिक्षा तीन ते सात वर्षं. आणि हेही ऐकून ठेवा, त्याच कायद्याच्या कलम ८ खाली लाच देणाराही सुटत नाही. ज्याला बळजबरीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच त्याला संरक्षण मिळतं. तुम्ही अजून पैसे दिलेलेच नाहीत, त्यामुळे तुमची बाजू स्वच्छ आहे. मागणी पुन्हा झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. ते एकदम कुणाला पकडायला येत नाहीत, आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतात. तिथे तुम्ही एवढंच सांगायचं की अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक शब्दांत पैसे मागितले. न्यायाधीश खातात असं तुम्ही म्हणायचं नाही, कारण तसं तुम्ही पाहिलेलं नाही.

आता दाव्याचं. तक्रारीच्या आधी दावा वाचवायचा, हा क्रम सोडू नका. तक्रार महिनाभराने केली तरी चालते. अर्जाचं तसं नाही.

वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर, अशा स्थितीत दावा निघाला तर तो पुन्हा घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. तुमचे दोन महिने उलटलेत. म्हणून दोन अर्ज सोबत द्यावे लागतील, एक दावा पुन्हा घेण्याचा आणि दुसरा विलंब माफीचा. विलंबाचं कारण तुमच्याकडे खरं आणि भक्कम आहे: दावा निघाल्याचं वकिलाने सांगितलंच नाही, उलट तारीख पडली असंच सांगत राहिले. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं, आणि आजही असल्या अर्जात वकील तोच निकाल दाखवतात. तरी निव्वळ त्यावर विसंबून राहू नका. अलीकडे कोर्टं पक्षकारालाही विचारतात, सहा वर्षांत तुम्ही स्वतः किती वेळा चौकशी केलीत? म्हणून फोनच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, तारखेला तालुक्याला गेल्याची एखादी साक्ष, जे असेल ते जमवा. अर्ज नामंजूर झालाच तर त्यावर जिल्हा न्यायालयात अपील आहे. वाटपाच्या हक्काचे आणखीही काही कायदेशीर मुद्दे असतात, ते नवे वकील कागद पाहून सांगतील. दावा गेला असं आत्ताच धरून बसू नका.

आणि फाईलवरून भांडण्यात आठवडे घालवू नका. कोर्टात दाखल झालेलं सगळं कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये आहे आणि तुम्ही वादी आहात. नक्कल विभागात स्वतः अर्ज देऊन दावा अर्ज, प्रतिवादींची कैफियत म्हणजे त्यांचं लेखी उत्तर, निशाणीवार अर्ज, सुरुवातीपासूनचा संपूर्ण रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) आणि शेवटचा आदेश यांच्या प्रमाणित नकला मागा. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे नव्याने मिळतील, नोंदलेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळेल. अस्सल कागद वकिलाकडेच राहिले असतील तर त्यांची यादी करून लेखी मागणी करा.

बाकी फीपोटी फाईल अडकवायचा अधिकार वकिलाला नाही. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने असंच केलं होतं. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाला अशिलाच्या कागदांवर असा ताबा ठेवता येत नाही, आणि मागूनही फाईल न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्या वकिलाला न्यायालयाने ताकीद दिली. फी खरोखर बाकी असेल तर तिच्या वसुलीसाठी वकिलाला दिवाणी दावा लावता येतो. तुमचा सातबारा हे त्याचं तारण होऊ शकत नाही.

रोजनाम्याची नक्कल हातात पडली की ती एकटीने, शांत बसून वाचा. शेवटची नोंद बहुधा अशी काहीतरी असेल: 'पुकारा केला असता वादी व त्यांचे वकील गैरहजर. प्रतिवादीचे वकील हजर. सबब दावा वादीच्या गैरहजेरीत काढून टाकण्यात येत आहे.' तिथून मागे मागे जा. पुराव्यासाठी नेमलेल्या तारखा किती? त्यातल्या कितींना तुमच्या बाजूने कुणीच उभं नव्हतं? मुदतीचे अर्ज किती, त्यांवर खर्च किती बसला? मग एका कागदाच्या डाव्या बाजूला रोजनाम्यातल्या तारखा लिहा, उजव्या बाजूला त्या त्या वेळी काकांनी फोनवर किंवा मेसेजवर तुम्हाला काय सांगितलं ते. दावा निघाल्याच्या तारखेनंतरचा 'पुढची तारीख पडली' असा एक जरी मेसेज सापडला, तरी तो तुमच्या सगळ्या रागापेक्षा जास्त बोलेल. असा एकच मेसेज विलंब माफीच्या अर्जालाही उपयोगी आहे आणि बार कौन्सिललाही.

कारण बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या शिस्तीचं बघणाऱ्या मंडळाकडे, जायचं तर आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. दावा हरणं हे गैरवर्तन नव्हे. सल्ला चुकणं, मुद्दा निसटणं, आजारपणात एखादी तारीख बुडणं, हेही नव्हे. पुण्याच्या पांडुरंग खांडेकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हाच भेद केला: चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि अनुचित सल्ला देणं वेगळं. नुसता हलगर्जीपणा, ज्यात मनाचा खोटेपणा नाही, त्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जात नाही. हे मला योग्य वाटतं. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार वकिलाच्या सनदेवर उठेल आणि अवघड केस कुणी हातात घेणार नाही.

तुमच्या पत्रात सहा वर्षं लागल्याची तक्रार आहे, तिला शिस्तभंगाच्या दृष्टीने फारसं वजन नाही. दिवाणी दाव्याला आपल्याकडे वेळ लागतोच. पण दावा निघाल्यावर तो चालू असल्याचं सांगणं, फाईल अडकवणं आणि न्यायाधीशाच्या नावाने पैसे मागणं, या तीन गोष्टी सरळसरळ गैरवर्तनात येतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत लिहिलेलं आहे की वकिलाने कोर्टाच्या निर्णयावर गैरमार्गाने प्रभाव टाकायचा नाही, चालू प्रकरणाबद्दल न्यायाधीशाशी खासगीत संपर्क करायचा नाही, अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, आणि पुरेसं कारण व वाजवी सूचना दिल्याशिवाय हातातलं काम सोडायचं नाही. सोडलं तर न कमावलेली फी परत करायची.

तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची, मुंबईला. ग्राहक मंचाचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो सोडा. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टालाही थेट सनद काढून घेता येत नाही. अवमानाच्या कारवाईत खुद्द सर्वोच्च न्यायालयसुद्धा वकिलाची सनद स्थगित करू शकत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा, असा १९९८ चा निकाल आहे. म्हणजे शिस्तीसाठी दार हेच.

अर्जात तारीखवार हकीकत द्या, प्रतिज्ञापत्र जोडा, नकला जोडा, फी दिल्याच्या पावत्या किंवा ऑनलाईन पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडा. 'चोर', 'लुटारू' असे शब्द एकही नको, त्याने तक्रार हलकी होते. कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. तिथे साक्ष होते, उलटतपास होतो, तुम्हाला जातीने हजर राहावं लागतं. आरोप सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि ते फौजदारी खटल्यासारखं कडक असतं. फोनवरच्या दीड लाखाच्या मागणीला कुणी साक्षीदार नसेल तर ती बाब तेवढ्यावर टिकणं अवघड आहे, हे मनाशी धरून चला. दावा निघाल्याचं लपवणं आणि फाईल न देणं मात्र कागदावर सिद्ध होतं. शिक्षा तीन प्रकारची: ताकीद, काही मुदतीसाठी निलंबन, किंवा यादीतून नाव काढून टाकणं, म्हणजे सनद रद्द. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्य समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत तिथेच अपील, आणि पुढे सर्वोच्च न्यायालय. तुमचे पैसे परत मिळवून देण्यासाठी ही समिती नाही. फीचा परतावा हवा असेल तर त्याचा मार्ग निराळा.

वकिलांनी निवडून दिलेल्या मंडळाने वकिलांचाच न्याय करायचा, हे लोकांना पटत नाही, आणि त्यांचं मला चुकीचं वाटत नाही. कितीतरी तक्रारी तारखांवर तारखा होत थकून जातात. पण याच बार कौन्सिलने एकेकाळी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात अशिलांवर झडप घालून केसेस ओढणाऱ्या वकिलांवर कारवाई केली होती. दाभोळकर प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या वकिलांना सोडून दिलं, तेव्हा महाराष्ट्राचं कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९७५ मध्ये न्यायालयाने असं वागणं गैरवर्तनच असल्याचं ठणकावून सांगितलं. कौन्सिल हे पेशाच्या इभ्रतीचं राखणदार आहे, ही भूमिका तिथे मान्य झाली. त्या राखणदाराला जागं ठेवायचं तर कागदपत्रांनिशी आलेल्या तक्रारी त्याच्या टेबलावर पडायला हव्यात. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. तक्रार दिल्यावर नातेवाईक मध्ये पडतील, 'मिटवून टाक' म्हणतील. तक्रारदाराने मागे घेतली किंवा आपसात मिटलं, एवढ्याच कारणावर चौकशी बंद करायची नाही, असा कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा समोरच्यावर दाब आणायला म्हणून तक्रार देऊ नका. द्यायची तर शेवटपर्यंत न्यायची म्हणून द्या.

भाच्याला सांगा, न्यायाधीशाविरुद्ध आत्ता काही लिहायचं नाही. तुमच्याकडे त्यांच्याविरुद्ध आहे काय? ज्यांच्यावर तुमचा विश्वास उरला नाही त्यांचं एक वाक्य. दावा गैरहजेरीत काढला यात न्यायाधीशांचं काही चुकलेलं दिसत नाही. वादीतर्फे कुणीच आलं नाही तर त्यांनी तरी काय करायचं? आदेश चुकीचा वाटला तर अपील असतं, तक्रार नव्हे. उद्या प्रत्यक्ष पुरावा हाती लागला तर गोष्ट वेगळी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं, तिथे दक्षता विभाग आहे, आणि प्रतिज्ञापत्रासह, तपासता येईल अशा पुराव्यासह आलेल्या तक्रारीची दखल घेतली जाते. त्यातून न्यायाधीश घरी गेल्याची उदाहरणं आहेत. वरच्या न्यायालयांच्या बाबतीत मात्र ही शिस्त फारच अवघड करून ठेवली आहे. १९९७ मध्ये न्यायाधीशांनी स्वतःसाठी आचारमूल्यं लिहून काढली, १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. पण पदावरून दूर करायचं तर संसदेत महाभियोगच. १९९३ मध्ये न्या. रामस्वामींवरचा ठराव लोकसभेत पडला, २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा राज्यसभेत मंजूर झाला आणि लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. याबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि तो रास्त आहे. पण तो राग तालुक्याच्या न्यायाधीशावर ऐकीव गोष्टीच्या आधारे काढणं हा अन्याय होईल. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नका. न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण अंगावर आलं तर मूळ दावा राहील बाजूला.

तुमच्या यजमानांची भीती मी खोटी म्हणणार नाही. नियमाप्रमाणे वकिलाने आपल्या क्षेत्रातलं काम वाजवी फी मिळत असेल तर घ्यायला हवं, आणि अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा बारचा, म्हणजे वकील संघटनेचा, ठराव बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेलं आहे. तरी छोट्या तालुक्याच्या बाररूममध्ये रोज एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांविरुद्ध कागद करायला कचरतात. म्हणून वकील जिल्ह्याच्या ठिकाणचा बघा. किंवा सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तुम्ही स्त्री आहात, एवढ्यावर तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळेल. नव्या वकिलांना जुन्या वकिलांची ना-हरकत लागते हे खरं, पण ती अडवली तर कारणं दाखवून कोर्टाची परवानगी घेता येते. तुम्ही काकांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, चार ओळींचं पत्र पाठवा: तुमचं वकीलपत्र रद्द करत आहे, ना-हरकत आणि फाईल सात दिवसांत द्यावी, फी बाकी असल्यास तिचा लेखी तपशील द्यावा. त्यात दीड लाखाचा उल्लेख, धमकी, नात्याची उणीदुणी, काहीही नको. पत्राला उत्तर आलं नाही तर ते मौनही तक्रारीला जोडता येतं.

आणि त्यांना काका म्हणायचं की नाही, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. नातं ठेवा हवं तर. केसबद्दल मात्र यापुढे त्यांच्याशी तोंडी बोलू नका, फोन आलाच तर 'पत्राने कळवा' म्हणून ठेवून द्या.

सोमवारी कोर्टात जाऊन नकलांचा अर्ज द्या आणि तातडीची नक्कल मागा. त्याच दिवशी ते पत्र पोस्टात टाका, आणि येताना विधी सेवा प्राधिकरणात नाव नोंदवून या. दावा पुन्हा घेण्याचा अर्ज एकदा दाखल होऊन त्याला नंबर पडला, की मग बार कौन्सिलच्या तक्रारीचा मसुदा करायला बसा.